रावबहादूर सीताराम केशव बोले

६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या वाटेवर दादरला उतरणाऱ्या आपल्या बांधवांपैकी अनेकांनी पश्चिमेकडील एस. के. बोले मार्गाची पाटी पाहिली असेल. हे बोले कोण, असे आम्ही वसतिगृहातील मुलांना विचारले, तेव्हा चवदार तळ्याचा इतिहास मुखोद्गत असलेली मुलेही गप्प राहिली. म्हणून या स्मरणिकेत मुंबई कायदे कौन्सिलच्या या सभासदाचे स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बोले भंडारी समाजातले. गिरणी कामगारांसाठी काम करणाऱ्या कामगार हितवर्धक सभेच्या संस्थापकांत ते होते. कोकणातील कुळे खोतांच्या जाचातून सुटावीत म्हणूनही ते झटले. विद्यार्थिदशेतील भीमरावांच्या अभिनंदनाच्या ज्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले, तिचे अध्यक्षस्थान बोले यांच्याकडे होते, अशी नोंद धनंजय कीर यांनी केली आहे.

परंतु त्यांचे नाव राहिले ते ४ ऑगस्ट १९२३ च्या ठरावाने. सरकारी अथवा सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, अशी शिफारस त्यांनी कौन्सिलकडून मंजूर करून घेतली. पुढच्याच महिन्यात सरकारने आपल्या खात्यांना तसा आदेश काढला. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला खरा. पण तळ्याच्या पायऱ्या उतरण्याची सोय कागदाने होत नाही. गावोगावी पाणी जिथे होते तिथेच राहिले.

बोले यांचे मोठेपण आम्हांस दिसते ते इथे. पहिल्या ठरावाचे श्रेय घेऊन ते स्वस्थ बसले नाहीत. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला : जी नगरपालिका वा लोकल बोर्ड हा हक्क नाकारील, तिला सरकारने अनुदान देऊ नये. अनुदान थांबले म्हणजे संस्थाचालकांची झोप कशी उडते, हे आम्ही वेगळे सांगायला नको!

तरीही तळे खुले झाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह तेथे जाऊन पाणी प्राशन केले, ते बोले ठरावाने मान्य केलेल्या हक्काचा प्रत्यक्ष वापर करण्यासाठी. परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, तळ्याचे शुद्धीकरण झाले, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. डिसेंबरात सत्याग्रही पुन्हा जमले, तर विरोधकांनी न्यायालयाचा मनाईहुकूम आणून ठेवला होता. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. बोले यांनी कौन्सिलात पहिला ठराव मांडल्याला तेव्हा तेरा वर्षे उलटून गेली होती.