जादूची गोळी शोधणारा डॉक्टर

पॉल एर्लिख यांना रंगांचं वेड होतं. १८५४ साली सायलेशियातल्या श्ट्रेलेन गावी जन्मलेला हा मुलगा वैद्यकीला गेला, पण रमला तो कापडाच्या रंगांत. त्यांचे आईकडचे नातलग कार्ल वायगर्ट सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रंगवून बघत. ते खूळ एर्लिखनी उचललं आणि १८७८ साली त्यावरच प्रबंध लिहिला. एकच रंग एका पेशीला चढतो, शेजारच्या पेशीला शिवतसुद्धा नाही, असं का? आयुष्यभर त्यांना याच प्रश्नानं पछाडलं.

रंग जर निवडून चिकटतो, तर विषही तसंच निवडून चिकटवता येईल, असा त्यांचा तर्क. १८९१ साली त्यांनी मेथिलीन ब्लू हा रंग हिवतापाच्या दोन रुग्णांना दिला. मधल्या काळात त्यांना स्वतःला क्षयाची बाधा झाली, हवापालटासाठी इजिप्तला जावं लागलं. घटसर्पाच्या प्रतिविषाची ताकद मोजायची पद्धत त्यांनी बसवली. पेशीवर ठरावीक पदार्थच पकडणारे 'ग्राही' असतात, ही कल्पनाही त्यांचीच. १९०८ चं नोबेल त्यांना मेचनिकॉफ यांच्यासोबत मिळालं.

खरी कसोटी पुढे होती. फ्रँकफर्टमध्ये आर्सेनिकची शेकडो संयुगं बनली. ६०६ क्रमांकाचं निरुपयोगी म्हणून बाजूला पडलं होतं. १९०९ साली जपानहून आलेल्या साहाचिरो हाता यांनी ते उपदंश झालेल्या सशांवर पुन्हा तपासलं आणि ते लागू पडलं. तेच साल्व्हर्सान. या शोधातलं हातांचं नाव आपण फार पटकन विसरतो. औषध सौम्य मात्र नव्हतं. त्याचे दुष्परिणाम झाले आणि एर्लिखना टीका सोसावी लागली. १९१५ साली ते वारले.

कर्करोगावरही त्यांनी उंदरांवर बरेच प्रयोग केले, यश आलं नाही. अडचण उघड होती. जंतू परका असतो, पण कर्कपेशी आपलीच. नेम धरायचा कुठे?

आज ईजीएफआर हा असाच एक ग्राही आपल्या कामी येतो. डोक्या-मानेच्या अनेक कर्करोगांत तो पेशीवर भरमसाट असतो. किरणोत्सर्गानं पेशीचा डीएनए तुटला की याच ग्राहीकडून आलेले संदेश तिला दुरुस्तीला आणि वाढीला मदत करतात. तो बंद केला की तोच किरण जास्त पेशी मारतो. सेटुक्सिमॅब आणि किरणोपचार अशी जोडी नुसत्या किरणोपचारापेक्षा सरस ठरल्याचं २००६ साली प्रसिद्ध झालं. तरी जोडीला पहिली पसंती आजही जुन्या सिस्प्लॅटिनलाच आहे. नवं ते महाग, म्हणून चांगलं, असं नसतं. मुंबईच्या टाटा रुग्णालयात सिस्प्लॅटिन आणि किरणांना निमोटुझुमॅबची जोड दिली, तेव्हा ५३६ रुग्णांच्या अभ्यासात आजार आटोक्यात राहण्याचा काळ वाढला.

ग्राही निरोगी त्वचेवरही असतो. म्हणून सेटुक्सिमॅब घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर, छातीवर मुरमांसारखं पुरळ येतं. ते संसर्गजन्य नसतं. औषध परस्पर बंद करू नका. पुढच्या खेपेची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.