नंदलाल बोस आणि आपला शेतकरी

शेतकऱ्याचं चित्र म्हटलं की आपल्यासमोर दोनच येतात. एक खताच्या गोणीवरचा, पांढरंशुभ्र धोतर नेसून हसणारा. दुसरा पेपरातला, डोक्याला हात लावून बसलेला. आमच्या घरात शेती आहे, पण यातला एकही आमच्या घरचा वाटत नाही. म्हणून नंदलाल बोस यांच्याविषयी लिहावंसं वाटलं.

त्यांचा जन्म 3 डिसेंबर 1882 चा, बिहारमधल्या खरगपूरचा. (आयआयटीवालं खरगपूर नव्हे, हे मुंगेर जिल्ह्यातलं!) आई सुंदर खेळणी बनवायची, ती लवकर गेली. शिक्षणासाठी कलकत्त्याला पाठवलं तर तिथे कॉलेजच्या परीक्षेत नापास. कॉलेज बदललं, पुन्हा तेच. विसाव्या वर्षी लग्नही झालेलं. घरच्यांनी शेवटी कॉमर्सला घातलं, तिथेही मन रमेना. 1905 मध्ये ते अवनींद्रनाथ टागोरांकडे आर्ट स्कूलला गेले. इंजिनिअरिंग ड्रॉइंगला बॅक राहिलेल्या माझ्यासारख्याला हा भाग वाचून फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

1909-10 च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत ते अजिंठ्याला आले. लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करायचं काम होतं. आपलं बुलढाणा त्याच अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलंय. पुढे ते शांतिनिकेतनच्या कलाभवनचे प्रमुख झाले आणि 1951 पर्यंत तिथेच शिकवत राहिले.

पण खरी गंमत 1936 ची. काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरणार होतं, ते आपल्या शेजारच्या फैजपूरला! गांधीजींनी सजावटीसाठी नंदबाबूंना बोलावलं. आपण चित्रकार, मंडप-कमानी काय उभारणार, म्हणून ते आधी कचरले. गांधीजींनी ऐकलं नाही. मग बांबू आणि गावात मिळेल ते सामान घेऊन त्यांनी नगर सजवलं. अध्यक्ष नेहरूंच्या रथाला सहा बैलजोड्या होत्या.

पुढचं अधिवेशन फेब्रुवारी 1938 मध्ये गुजरातच्या हरिपुऱ्याला, तापीकाठी. आपल्या पूर्णेचं पाणी चांगदेवला तापीत मिळतं आणि तिकडूनच समुद्राला जातं. इथे गांधीजींना चित्रं हवी होती, तीही खेड्यातल्या माणसाला येता-जाता दिसतील अशी. नंदबाबू आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिळून सुमारे 400 पॅनेल केली. त्यातली ऐंशीच्या आसपास खुद्द त्यांच्या हातची. हाती बनवलेला कागद, मातीचे रंग, जाड आणि झपाट्याने ओढलेली रेघ. नांगर धरणारा शेतकरी, भात कांडणाऱ्या बाया, शिंपी, सुतार, ढोल वाजवणारा, लेकराला घेतलेली आई. कुणीच आपल्याकडे बघून हसत नाही, कुणी रडतही नाही. सगळे कामात आहेत. त्यांची दया करावी असं चित्रकाराला वाटलेलं नाही, हेच मला सगळ्यात जास्त आवडलं.

नंतर राज्यघटनेच्या मूळ प्रतीची सजावट, 1954 ला पद्मविभूषण, हे सगळं जीकेच्या पुस्तकात आहेच. 16 एप्रिल 1966 ला ते गेले. हरिपुऱ्याची चित्रं दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. 2019 मध्ये त्यातली काही व्हेनिसच्या प्रदर्शनातही लागली होती. म्हणजे ज्यांनी कधी नांगर पाहिला नाही त्यांनीही ती पाहिली.

दिवाळीच्या सुट्टीत मी नांगरवाल्या चित्राची प्रिंट काढून घरी नेली. आमची बैलजोडी विकून आता बरीच वर्षं झाली; पोळ्याला मातीचेच बैल पुजतो. आबांनी चष्मा लावून आधी बैल पाहिले, माणूस नंतर. बराच वेळ बोलले नाहीत. मग हे चित्र काढणाऱ्याकडे शेती किती होती, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले की असणार. प्रिंट आता त्यांच्या खाटेजवळच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी लावली आहे.