जॉन मार्शल

जॉन मार्शल (२४ सप्टेंबर, इ.स. १७५५ – ६ जुलै, इ.स. १८३५) हे अमेरिकेचे चौथे सरन्यायाधीश होते. इ.स. १८०१ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे ३४ वर्षे, ते या पदावर होते. मोहेंजोदडोच्या उत्खननाशी संबंधित असलेले ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ सर जॉन मार्शल हे वेगळे. अमेरिकी राज्यघटनेच्या मोजक्या शब्दांतून संघशासनाला कोणते अधिकार मिळतात, याचा पाया मार्शल यांच्या निकालपत्रांनी घातला.

पूर्वायुष्य

मार्शल यांचा जन्म व्हर्जिनियात झाला. पंधरा भावंडांत ते थोरले. शालेय शिक्षण बेताचेच झाले. स्वातंत्र्ययुद्धात ते अधिकारी होते आणि इ.स. १७७७-७८ चा हिवाळा त्यांनी व्हॅली फोर्जच्या छावणीत काढला. कर बसवण्याचा अधिकार नसलेले मध्यवर्ती शासन आपल्याच सैन्याला अन्नवस्त्र पुरवू शकत नाही, हे त्यांनी तेथे अनुभवले. इ.स. १७८० मध्ये त्यांनी विल्यम अँड मेरी महाविद्यालयात जॉर्ज विद यांच्याकडे काही महिने कायद्याचे धडे घेतले. इ.स. १७८८ मध्ये व्हर्जिनियाच्या अधिवेशनात त्यांनी नव्या राज्यघटनेला मान्यता देण्याच्या बाजूने भाषणे केली. पुढे ते राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांचे परराष्ट्रमंत्री झाले.

सरन्यायाधीशपद

मार्बरी विरुद्ध मॅडिसन (१८०३) हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध निकाल. वादातील नेमणूकपत्रे पोहोचती न होण्यास परराष्ट्रमंत्री या नात्याने स्वतः मार्शलच जबाबदार होते. आजच्या संकेतांनुसार त्यांनी या खटल्यापासून दूर राहणे अपेक्षित ठरले असते. मार्बरी यांचा नेमणुकीवरील हक्क त्यांनी मान्य केला. मात्र त्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागण्याची सोय करणारी इ.स. १७८९ च्या कायद्यातील तरतूद घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाशी विसंगत असल्याने त्यांनी ती रद्दबातल ठरवली.

मॅकुलक विरुद्ध मेरीलँड

शासनाच्या अधिकारांच्या दृष्टीने इ.स. १८१९ चा हा निकाल अधिक दूरगामी ठरला. काँग्रेसने इ.स. १८१६ मध्ये दुसऱ्या राष्ट्रीय बँकेला सनद दिली होती. मेरीलँडने इ.स. १८१८ मध्ये कायदा केला की, राज्याची सनद नसलेल्या बँकांनी आपल्या नोटा राज्याच्या मुद्रांकित कागदावरच काढाव्यात किंवा वर्षाला १५,००० डॉलर भरावेत. बाल्टिमोर शाखेचे रोखपाल जेम्स मॅकुलक यांनी कर भरला नाही.

घटनेत बँक हा शब्दच नाही. पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमात कर, कर्ज, युद्ध इत्यादी अधिकारांची यादी असून, ते अमलात आणण्यासाठी आवश्यक आणि उचित असे कायदे करण्याची मुभा शेवटी दिलेली आहे. ज्याच्यावाचून काम अडेल तेच आवश्यक, असा मेरीलँडच्या वकिलांचा युक्तिवाद होता. मार्शल यांनी घटनेचाच मजकूर पुढे केला. दहाव्या कलमात राज्यांवर निर्बंध घालताना अगदी आवश्यक असा शब्दप्रयोग आहे. म्हणजे नुसत्या आवश्यक या शब्दाची व्याप्ती त्याहून मोठी असली पाहिजे. शिवाय ही मुभा निर्बंधांच्या कलमात नसून अधिकारांच्या यादीत आहे. जुन्या महासंघाच्या करारात मध्यवर्ती शासनाला केवळ स्पष्टपणे दिलेले अधिकार होते. दहाव्या घटनादुरुस्तीत स्पष्टपणे हा शब्द नाही. यावरून बँक वैध ठरली, आणि तिच्यावर कर लादण्याचा अधिकार राज्याला नाही असा निर्णय एकमताने झाला.

व्हर्जिनियात या निकालावर कडाडून टीका झाली. मार्शल यांनी टोपणनावाने वृत्तपत्रांत लेख लिहून तिला उत्तरे दिली. विद्यमान सरन्यायाधीशाने स्वतःच्याच निकालाची अशी बाजू मांडणे आज अकल्पनीय वाटेल.

नंतरचे निकाल

गिबन्स विरुद्ध ऑग्डेन (१८२४) या खटल्यात व्यापार या शब्दात जलवाहतुकीचाही समावेश होतो, असे ठरवून त्यांनी न्यूयॉर्कने दिलेली आगबोटींची मक्तेदारी मोडीत काढली. शब्दांवरील हीच निष्ठा बॅरन विरुद्ध बाल्टिमोर (१८३३) मध्ये नागरिकाच्या विरोधात गेली. शहराच्या कामांमुळे गाळ साचून धक्का निकामी झालेल्या मालकाला पाचव्या घटनादुरुस्तीनुसार भरपाई मिळाली नाही. घटनाकारांना राज्यांवर बंधन घालायचे असते तेव्हा ते तसा उल्लेख करतात, आणि येथे तो नाही, असे मार्शल यांचे म्हणणे होते. ते स्वतः गुलामांचे मालक होते. गुलामगिरीच्या प्रश्नावरील त्यांच्या भूमिकेवर अलीकडच्या इतिहासकारांनी टीका केली आहे.

राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी इ.स. १८३२ मध्ये बँकेच्या सनदेचे नूतनीकरण नाकारले. बँक घटनात्मक आहे की नाही, हे ठरवताना न्यायालयाचे मत आपल्यावर बंधनकारक नाही, अशी त्यांची भूमिका होती. मार्शल यांचे फिलाडेल्फिया येथे निधन झाले आणि रिचमंड येथे दफन झाले. बँकेच्या सनदेची मुदत त्यानंतरच्या वर्षी संपली.