आबांचा डेल्को

गेल्या जुलैत सुट्टीला पाचगणीला घरी गेलो होतो. वाईचा बाजार करून आबा आणि मी वर येत होतो, तेवढ्यात पसरणी घाटात अर्ध्यावर आमच्या फियाटने मान टाकली. फियाट म्हणजे कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी, पण आमच्याकडे तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही. पाऊस, धुकं, मागे एसटीचा हॉर्न. शेवटी एका टेम्पोने टोचन करून वर आणलं. दुसऱ्या दिवशी एक मिस्त्री बघून गेले. सगळं वायरिंग, कॉइल आणि बॅटरी बदलायची, खर्च बारा हजार. बाबांनी भंगारवाल्याचा नंबर शोधायला घेतला. आबा त्या रात्री जेवले नाहीत. या गाडीवर त्यांनी टुरिस्ट फिरवून घर चालवलंय.

सकाळी आबा एवढंच म्हणाले की डेल्कोत पाणी गेलं असेल. मी थर्ड इयर मेकॅनिकल, आणि डेल्को म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं! बोनेट उघडून त्यांनी बोट ठेवलं तेव्हा कळलं, डिस्ट्रिब्युटर. त्यांच्या वेळचे मिस्त्री त्याला डेल्कोच म्हणायचे. का म्हणायचे, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते शोधता शोधता मी चार्ल्स केटरिंग या माणसापाशी पोचलो.

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, शेतकऱ्याच्या घरात. डोळे जन्माचे अधू. वाचायला बसलं की डोकं दुखायचं. इंजिनिअरिंगला गेला आणि डोळ्यांमुळे कॉलेज सोडावं लागलं. मग टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या टोळीवर मुकादम म्हणून काम केलं, खांब रोवले, खड्डे खणले. तिथेच हाताला वीज समजली. परत कॉलेजात येऊन १९०४ साली इलेक्ट्रिकलची डिग्री घेतली तेव्हा वय २७. आपल्याकडे दोन वर्षं ड्रॉप लागला तर पोरगा मेसमध्ये खाली मान घालून जेवतो.

पुढे डेटन गावात कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीत नोकरी. दुकानातला गल्ला उघडायला हँडल फिरवावं लागायचं, तिथे त्याने छोटी मोटर बसवली. एवढीशी मोटर एवढा जोर कसा देणार, अशी शंका होतीच. केटरिंगचं म्हणणं असं की तिला दिवसभर चालायचंच नाहीये, क्षणभर जोर लावायचा आणि थांबायचं. तेवढ्यापुरता जादा करंट दिला तर ती जळत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या काळात मोटारगाडीची ठिणगी म्हणजे रोजचं रडगाणं होतं. कोरड्या सेलवर चालणारी कॉइल एका ठिणगीच्या जागी सारखी गुणगुणत ठिणग्या सोडायची आणि सेल लवकर संपायचे. केटरिंग आणि त्याचा साहेब एडवर्ड डीड्स यांनी डीड्सच्या घरामागच्या गोठ्यावजा कोठारात, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी, कंपनीतली मित्रमंडळी जमवून काम सुरू केलं. सिलिंडरला एकदाच, पण जोरदार ठिणगी द्यायची, म्हणजे सेल टिकतील. कॅडिलॅकने ही इग्निशन घेतली आणि १९०९ मध्ये कंपनी उभी राहिली, डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. इंग्रजी आद्याक्षरं जुळवा. आमच्या आबांचा डेल्को!

नंतर सेल्फ स्टार्टर. तोवर गाडी हँडल मारून चालू करायची, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोटर लागेल असं जाणकारांचं मत. केटरिंगला गल्ला आठवला. क्षणभराचंच तर काम आहे. शिवाय त्याने तीच मोटर इंजिन चालू झाल्यावर जनरेटर म्हणून वापरली, बॅटरी चार्ज करायला. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये ती आली आणि हळूहळू हँडल इतिहासजमा झालं.

आता आमच्या शेडमध्ये या. सेल्फ मारला तर इंजिन झक्क फिरत होतं. म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर ठीक, बदलायचं कारणच नाही. कार्बोरेटरचा पाइप काढून बघितला, पेट्रोल येतंय. पाइप परत लावला, सांडलेलं पेट्रोल पुसून वाळू दिलं आणि मग ठिणगी. कॉइलकडून डेल्कोला येणारी जाड वायर उपसून रबराच्या पकडीने ब्लॉकपासून पाचसहा मिलिमीटरवर धरली (हाताने धरू नका, हजारो व्होल्ट असतात). ठिणगी आली, पण पिवळी, मरतुकडी. ती निळी आणि कडक हवी. इंडिकेटरच्या जुन्या बल्बला दोन वायरी जोडून टेस्ट लॅम्प केला. कॉइलला करंट पोचत होता, म्हणजे तिथपर्यंतचं वायरिंगही ठीक. डेल्कोची टोपी कोरड्या फडक्याने पुसली, पॉइंट पॉलिश पेपरने घासले, गॅप लावला. तरी पिवळीच. मग आबांनी दिवा घालवून मला पॉइंटकडे बघायला लावलं. उघडताना तिथेच चांगली ठसठशीत ठिणगी पडत होती.

कंडेन्सर! पॉइंट उघडताना करंट तिथूनच उडी मारायला बघतो. तो धक्का कंडेन्सर पोटात घेतो, म्हणून कॉइलमधलं चुंबकत्व एकदम कोसळतं आणि दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट तयार होतात. कंडेन्सर मेला की जोर पॉइंटवरच वाया जातो. परीक्षेत ही आकृती मी दोनदा काढली होती.

वाईत दीडशे रुपयांत मिळाला. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. आबांनी चहा टाकायला सांगितला.

इथे लेख संपवता आला असता, पण केटरिंगची गोष्ट इतकी गोड नाही. बॅटरीच्या इग्निशनमुळे इंजिन ठोकतं, असा आळ त्याच्यावर आला होता. आपली ठिणगी नव्हे, पेट्रोल दोषी आहे हे त्याला दाखवायचं होतं. ते खरंही निघालं. त्याच्या हाताखालच्या थॉमस मिजलीने डिसेंबर १९२१ मध्ये उपाय शोधला, पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग. ठोकणं थांबलं. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात ते बनवताना पाच कामगार दगावले. ते विकणाऱ्या कंपनीचा अध्यक्ष त्या वेळी केटरिंगच होता. धंदा थोडा थांबला आणि परत सुरू झाला. भारतात असं पेट्रोल २००० साली बंद झालं, जगात शेवटी २०२१ मध्ये.

म्हणजे एकेकाळी जिथे क्षयाचे रोगी चांगल्या हवेसाठी येऊन राहायचे, त्या पाचगणीत आबांची फियाट कितीतरी वर्षं शिसं सोडत, शाळांच्या फाटकांवरून जात होती. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले की पंपावर आम्हाला कोणी सांगितलं नाही.

केटरिंगची बाकीची कारकीर्द थोडक्यात सांगतो. १९२० ते १९४७ जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख. १९२३ ची हवेने थंड होणारी तांब्याच्या पंख्यांची शेवर्ले साफ आपटली, गाड्या परत बोलवाव्या लागल्या. रेल्वेच्या डिझेल इंजिनांवरचं काम मात्र यशस्वी झालं. न्यूयॉर्कच्या कॅन्सर संशोधन संस्थेला त्याचं नाव आहे. २५ नोव्हेंबर १९५८ ला तो गेला.

फियाट सध्या चालू आहे. आबांनी डॅशबोर्डच्या कप्प्यात एक जादा कंडेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलाय. भंगारवाल्याचा नंबर बाबांनी अजून डिलीट केलेला नाही.