बसता न येणाऱ्या माणसाची सायकलयात्रा

मैत्रिणींनो, आमच्या मोहर्लीला पहाट उजाडते ती जिप्सींच्या आवाजानं. ताडोब्याचं गेट उघडायच्या आधीच पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. थोड्या वेळानं त्याच रस्त्याच्या कडेनं आणखी एक रांग निघते. ती बघायला मात्र कोणी तिकीट काढून येत नाही. मजुरीला निघालेल्या बाया, डब्याची पिशवी हँडलला अडकवून सायकल मारणारी माणसं, आणि शाळेच्या गणवेशातल्या पोरी.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्या बचतगटाची बैठक होती. हप्त्यांचा हिशेब झाला आणि एका मैत्रिणीनं हळूच सांगितलं की, लेकीला आता सायकलनं शाळेत पाठवायचं नाही असं घरात ठरलंय. रस्त्यालगत वाघ दिसला होता. त्यात पावसानं गवत आणि रायमुनिया इतकी माजलेली की हातभर पलीकडचं दिसत नव्हतं. शिवाय गाड्या अंगावर आल्यासारख्या जातात ते वेगळंच. योजनेतून मिळालेली नवी सायकल गोठ्यात उभी होती आणि तिच्या सीटवर कोंबडी बसत होती. बैठकीतल्या निम्म्या बायांनी मान डोलावली. मी समाजकार्य करते म्हणवते खरी, पण त्या दिवशी माझ्याकडेही उत्तर नव्हतं. मलाही लेक आहे. वाघाची भीती काही खोटी नाही. आपल्या जिल्ह्यात मोह वेचायला, सरपण आणायला गेलेली माणसं परत आली नाहीत, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

घरी परतताना मला बाबा आमटे आठवले. तुम्ही म्हणाल, बाबांचा आणि सायकलचा काय संबंध? संबंध आहे, आणि फार जवळचा आहे.

बाबांना मी एकदाच पाहिलं. कॉलेजात असताना शिबिराला आनंदवनात गेले होते. आमच्या इथून भद्रावतीवरून वरोऱ्याला गेलं की आनंदवन लागतं. पांढरी खादी घातलेले बाबा काठी घेऊन चालत होते, आणि त्यांच्याबरोबर माणसंही चालत होती. नंतर ते आडवे झाले आणि पडल्या पडल्याच लोकांशी बोलू लागले. ते खुर्चीवर का बसत नाहीत, असं मी एका ताईंना विचारलं. त्यांनी सांगितलं की, बाबांचा पाठीचा कणा पार झिजलाय, त्यांना बसताच येत नाही. एक तर चालायचं, नाहीतर आडवं व्हायचं. ते माझ्या मनात घर करून राहिलं.

बाबांचं पूर्ण नाव मुरलीधर देविदास आमटे. जन्म 26 डिसेंबर 1914चा, हिंगणघाटचा. घर जमीनदाराचं, त्यामुळे कशाचीच ददात नव्हती. लहान वयातच हातात बंदूक आली, रानात जाऊन शिकार करायचा नाद लागला. तरुणपणी त्यांच्याकडे सिंगर कंपनीची स्पोर्ट्स कार होती आणि तिच्या गाद्यांना बिबट्याचं कातडं लावलेलं होतं. ताडोब्याच्या दारात राहणाऱ्या आपल्याला हे वाचून कसंसंच होतं! पण सुरुवात तिथून झाली हे माहीत असावं, म्हणजे पुढचा प्रवास किती लांबचा होता ते कळतं.

वकिली शिकून ते वरोऱ्यात काम करू लागले. गांधीजींच्या विचारांचा प्रभाव पडला आणि बडेजाव एकेक करून गळत गेला. वरोरा नगरपालिकेत ते उपाध्यक्ष होते. त्या काळी मैला डोक्यावरून वाहून न्यावा लागे. सफाई कामगारांचं दुःख समजून घ्यायचं तर ते काम स्वतः करून बघायला हवं, असं त्यांनी ठरवलं आणि काही महिने मैल्याची टोपली डोक्यावर घेतली. ज्या गावात ते गाडीतून मिरवले असतील, त्याच गावात ते टोपली घेऊन पायी फिरले. मला वाटतं, रस्ता म्हणजे काय हे त्यांना तेव्हा कळलं असावं. गाडीच्या काचेतून दिसणारा रस्ता वेगळा आणि पायाखालचा वेगळा.

एका पावसाळी संध्याकाळी त्यांना रस्त्याच्या कडेला एक माणूस पडलेला दिसला. कुष्ठरोगानं झडलेला, जखमांत किडे पडलेले. त्याचं नाव तुळशीराम. बाबा घाबरून पळाले. हो, बाबासुद्धा पळाले! पण घरी गेल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ते परत फिरले, त्याच्यावर पावसापासून आडोसा केला, त्याची सेवा केली. तो वाचला नाही. पण जिथे भीती आहे तिथे प्रेम टिकत नाही, हे बाबांना तिथे उमगलं. पुढे ते कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचं शास्त्र शिकून आले.

या सगळ्यात साधनाताई होत्या. मूळच्या नागपूरच्या घुले घराण्यातल्या इंदू. घरात लग्नकार्य चाललेलं असताना ही मुलगी गर्दी सोडून म्हाताऱ्या मोलकरणीला धुणं धुवायला मदत करताना बाबांना दिसली, आणि तिथेच त्यांचं ठरलं. त्या वेळी बाबा दाढी-जटा वाढवलेले, संन्याशासारखे! तरी त्या मुलीनं होकार दिला. 1946 साली लग्न झालं. 1951 साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळरानावर आनंदवन सुरू झालं ते सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात 14 रुपये घेऊन. दोन लहान मुलं पदरात असताना साधनाताई त्या विंचू-सापांच्या माळावर राहिल्या. आपण मुलीला चार किलोमीटरवर पाठवताना दहा वेळा विचार करतो, म्हणून हे मुद्दाम सांगते.

बोटं झडलेल्या माणसांनी तिथे विहिरी खणल्या, शेती पिकवली, घरं बांधली. 1973 साली गडचिरोलीच्या जंगलात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तो डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी उभा केला. तेव्हा तिथे धड रस्ता नव्हता. आजाऱ्याला खाटेवर घालून माडिया माणसं कोस न् कोस चालत आणायची. दवाखाना असून भागत नाही, तिथवर पोचायची वाटही असावी लागते, हे आपल्या भागातल्या बाईला वेगळं सांगायला नको.

आता सायकलची गोष्ट. 1984 साल देशाला फार वाईट गेलं. पंजाब धुमसत होता, इंदिराजींची हत्या झाली, त्यानंतर दंगली झाल्या. बाबा अस्वस्थ झाले. सत्तरी उलटलेली, कणा मोडकळलेला. एखादा म्हणाला असता, मी काय करणार? बाबांनी तरुण पोरापोरींना हाक दिली. 24 डिसेंबर 1985 रोजी कन्याकुमारीहून भारत जोडो अभियान निघालं. हे नाव आपण 2022 साली वेगळ्या यात्रेसाठी ऐकलं, पण बाबांची यात्रा त्याच्या कितीतरी आधीची. शंभराहून जास्त तरुण-तरुणी सायकलींवर आणि बाबा गाडीत टाकलेल्या बिछान्यावर आडवे, असा तो ताफा पाच हजारांवर किलोमीटर कापून 1986च्या एप्रिलमध्ये जम्मू-काश्मीरला पोचला. गावोगावी थांबायचं, लोकांशी बोलायचं, त्यांच्यात जेवायचं, पुन्हा पुढं. त्यानंतर 1988 साली दुसरी यात्रा निघाली, अरुणाचलातल्या इटानगरपासून गुजरातच्या ओख्यापर्यंत. ती पहिलीपेक्षाही लांब होती. दोन्ही यात्रांत मुली होत्या. ऐंशीच्या दशकातल्या मुली, बरं का! त्यांच्या आयांना काय वाटलं असेल, आणि तरी त्यांनी कसं पाठवलं असेल, याचा मी नेहमी विचार करते.

बाबांनी मोटारींचा ताफा का नाही नेला? मला जे वाटतं ते सांगते. मोटार गावातून धूळ उडवत निघून जाते. सायकलवाला मात्र हँडपंपाशी थांबतो, पाणी मागतो, पंक्चर काढायला बसतो, आणि तेवढ्यात चार माणसं जमतात. ज्याला देशातल्या माणसांना भेटायचंय त्यानं त्यांच्याच वेगानं जावं लागतं.

पुढे 1990 साली बाबा आनंदवन सोडून नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले. त्याच वर्षअखेरीस धरणात बुडणाऱ्या गावांसाठी हजारो माणसं पायी गुजरातच्या सीमेकडे निघाली, त्यांच्यासोबतही ते होते. शेवटी ते आनंदवनात परतले आणि 9 फेब्रुवारी 2008 रोजी गेले. देहाचं दहन न करता त्यांना तिथल्याच मातीत ठेवलं. साधनाताई 2011 साली गेल्या.

बैठकीनंतर रात्रभर माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. ज्या माणसाला सायकलच्या सीटवर क्षणभरही बसता येत नव्हतं, त्यानं शंभर पोरं सायकलवर बसवली. मला लहानपणी सायकल शिकू दिली नाही. आमच्या गटातल्या बहुतेक जणींचं तेच. म्हणून काय आम्ही आमच्या पोरींच्याही सायकली गोठ्यात ठेवायच्या? आणि बाबांनी एकेकट्याला नाही पाठवलं. सगळ्यांना बरोबर धाडलं आणि स्वतः मागं राहिले नाहीत.

पुढच्या बैठकीत हेच सांगितलं. मग आम्ही कामाला लागलो. एका वाटेच्या सगळ्या पोरींनी एकाच वेळी, घोळक्यानं निघायचं आणि अंधार पडायच्या आत परतायचं. रोज आळीपाळीनं घरातलं एक मोठं माणूस सायकलनं सोबत जाईल. वाघ दिसल्याची खबर आली की त्या दिवशी सायकल घरी आणि पोरी एसटीनं. रीतसर परवानगी घेऊन आम्ही दोन रविवार विळे-कोयते घेऊन रस्त्याकडेचं झुडूप कापलं. जिप्सीवाल्या भावांना भेटलो. ते आपलेच, त्यांच्याही पोरी त्याच वाटेनं जातात. शाळेच्या वेळी गाडी हळू घेऊ असं त्यांनी कबूल केलं, आणि बरेच जण पाळतातही. गतिरोधक आणि चालणाऱ्यांसाठी कडेला पट्टी हवी म्हणून सह्यांचं निवेदन दिलंय. दोनदा हेलपाटे झाले, अजून काही हललेलं नाही. तिसऱ्यांदा जाऊ.

सगळं निवांत झालं असं मी म्हणणार नाही. पोरगी वळणापलीकडे गेली की जीव टांगणीला लागतोच. भीती गेलेली नाही, पण ती आता एकेकीच्या घरात एकटी बसलेली नाही. आम्ही ती वाटून घेतली आहे.

त्या मैत्रिणीच्या घरी परवा गेले होते. कोंबडीनं आता गवताच्या भाऱ्यावर जागा केली आहे. सायकल गोठ्यात नव्हती.

तुमच्या गावातही असा एखादा रस्ता असेल. कधी सकाळी पायी त्यावरून जाऊन बघा, आणि गटातल्या दोघींना बरोबर घ्या.