काचेच्या पेटीतील समुद्र

फ्रान्समधील जुयाक या लहानशा गावी, जोडे शिवून चरितार्थ चालविणाऱ्या एका कारागिराच्या घरी सप्टेंबर १७९४ मध्ये जान व्हिलप्रो यांचा जन्म झाला. समुद्र त्या गावापासून दूर होता आणि उच्च शिक्षण त्याहूनही दूर. अठराव्या वर्षी चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर पायी चालून त्या पॅरिसला गेल्या व शिवणकाम करू लागल्या. १८१६ साली राजघराण्यातील एका वधूच्या विवाहवस्त्रावरील भरतकामाने त्यांचे नाव झाले. १८१८ मध्ये जेम्स पॉवर या व्यापाऱ्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या सिसिली बेटावरील मेसिना येथे राहू लागल्या.

येथे समुद्र दाराशी होता. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या या स्त्रीने निसर्गविज्ञानाचा अभ्यास स्वतःच आरंभिला. आर्गोनॉट हा ऑक्टोपसच्या कुळातील प्राणी. त्याचे पातळ, शुभ्र कवच तो स्वतः घडवितो की दुसऱ्याचे बळकावितो, याविषयी विद्वानांत दीर्घकाळ वाद होता. त्या काळी सागरी प्राण्यांचा अभ्यास बहुधा मृत नमुन्यांवरच होत असे. या प्रश्नाचे उत्तर जिवंत प्राण्याकडूनच मिळेल, हे जान यांनी ओळखले. १८३२ साली त्यांनी निरीक्षणासाठी काचेची टाकी तयार करविली. समुद्रात नांगरून ठेवता येतील असे पिंजरेही बनविले. कवच मुद्दाम फोडले असता प्राणी ते पुन्हा सांधतो, हे त्यांनी पाहिले. आर्गोनॉटची मादी आपल्या पडद्यासारख्या रुंद बाहूंतून द्रव्य स्रवून कवच बांधते, हे त्यांनी सिद्ध केले.

प्रारंभी काही विद्वानांनी शंका घेतल्या. पुढे ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यांच्या कार्याचा पुरस्कार केला आणि युरोपातील अनेक विद्वत्‌सभांनी त्यांना सभासदत्व दिले. परंतु त्यांचा संग्रह व टिपणे वाहून नेणारे जहाज बुडाले. अनेक वर्षांच्या परिश्रमांचे फळ ज्या समुद्रातून आले, त्याच समुद्रात गेले. त्यानंतर त्यांचे संशोधन जवळजवळ थांबले. २५ जानेवारी १८७१ रोजी, जन्मगावीच त्यांचे निधन झाले आणि पुढे शतकभर त्यांचे नाव विस्मृतीत राहिले.

१९९७ साली शुक्र ग्रहावरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले. तथापि त्यांचे खरे स्मारक आपल्या अधिक जवळ आहे. मत्स्यालयाच्या काचेला नाक लावून मासे न्याहाळणारे प्रत्येक मूल, नकळत का होईना, या कारागीरकन्येच्याच दृष्टीने समुद्र पाहत असते.