डेल्कोचा मूळ पुरुष : चार्ल्स केटरिंग

जुन्या ॲम्बॅसॅडर व फियाट गाड्या दुरुस्त करणारे मिस्त्री इंजिनावरच्या डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणतात. हा शब्द म्हणजे एका कंपनीच्या नावाची आद्याक्षरे आहेत : डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. ती काढणाऱ्या दोघांपैकी एक चार्ल्स केटरिंग. एडिसन आपणां सर्वांना पाठ आहे, पण गाडीची किल्ली फिरवताना ज्याची आठवण व्हावी तो हा माणूस.

अमेरिकेतील ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी 29 ऑगस्ट 1876 रोजी तो जन्मला. डोळे अधू. त्यापायी शिक्षणात खंड पडले. मध्यंतरी त्याने खेड्यात मास्तरकी केली, टेलिफोनचे खांब रोवणाऱ्या टोळीत काम केले. 1904 साली विद्युत् अभियांत्रिकीची पदवी हाती आली तेव्हा तो अठ्ठाविशीला टेकला होता.

पहिली नोकरी डेटन शहरात, दुकानातील गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. वाणिज्य शाखेच्या आम्हां मुलांना हा भाग जवळचा वाटावा. त्या यंत्राचा दांडा हाताने ओढावा लागे. केटरिंगने 1906 च्या सुमारास त्यास विजेची मोटर बसवली. इतरांना ही मोटर फार मोठी लागेल असे वाटत होते. पण गल्ला काही दिवसभर सतत फिरत नाही, क्षणभरच फिरतो. मग छोट्या मोटरवर तेवढा वेळ जादा भार टाकला तर बिघडले कुठे, हा त्याचा हिशेब. हाच हिशेब पुढे त्याला फार उपयोगी पडला.

1909 साली एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याबरोबर त्याने डेल्को काढली. काम चाले ते डीड्सच्या घरामागील कोठारात. तेथे तयार झालेली ठिणगीची योजना 1910 च्या कॅडिलॅक गाड्यांत बसली, आणि थोड्याफार सुधारणांनिशी तीच पुढे साठ-सत्तर वर्षे जगभर चालली. बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या जाड तारेतून जातो. डेल्कोतले पॉइंट उघडले की तो तुटतो, आणि त्या झटक्यासरशी बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्ट उठतात. रोटर तो दाब पाळीपाळीने एकेका प्लगकडे पोचवतो.

ही साखळी ध्यानात असली म्हणजे इंजिन फिरते पण पेटत नाही, अशा गाडीपाशी गोंधळायला होत नाही. कॉइलमधून निघणारी मधली जाड वायर डेल्कोच्या टोपीतून काढून, रबरी मुठीच्या पकडीने, इंजिनाच्या लोखंडापासून अर्धा सेंटिमीटर दूर धरावी व सेल्फ मारावा. (पेट्रोल सांडलेले नाही ना, हे आधी पाहावे.) ठिणगी उडाली तर कॉइलपर्यंत सर्व ठीक, दोष टोपीत, रोटरमध्ये किंवा प्लगच्या वायरीत. पावसाळ्यात टोपीत ओल धरते, ती नुसती कोरडी पुसली तरी काम होते. ठिणगी उडालीच नाही तर मागे जावे. किल्ली चालू असता कॉइलपर्यंत करंट येतो का, ते टेस्ट लॅम्पने पाहावे. तो येत असेल तर दिव्याची वायर कॉइलच्या दुसऱ्या, पॉइंटकडच्या टोकाला लावून पुन्हा सेल्फ मारावा. दिवा लुकलुकला म्हणजे पॉइंट उघडमीट करीत आहेत. मग संशय कॉइलवर किंवा कंडेन्सरवर. तो एकसारखा जळत राहिला तर पॉइंट काजळले आहेत किंवा मिटतच नाहीत. अजिबात जळला नाही तर ते उघडत नाहीत, किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे. नव्या गाड्यांत पॉइंट नाहीत, त्यांची जागा सेन्सर व कॉम्प्युटरने घेतली. पण शोधण्याची दिशा तीच आहे.

गंमत अशी की अशा गाडीत जे चालते तेही केटरिंगचेच. पूर्वी हँडल मारून इंजिन फिरवीत. ते उलटले की मनगट मोडे. कॅडिलॅकच्या हेन्री लेलँडने यावर उपाय मागितला आणि गल्ल्याचा तो हिशेब कामी आला. क्षणभर झटका देणारा सेल्फ 1912 च्या कॅडिलॅकवर बसून आला. ज्यांच्या मनगटात जोर नव्हता त्या सर्वांना गाडी खुली झाली.

इथेच थांबता आले असते तर बरे झाले असते. त्याच्या बॅटरीच्या ठिणगीनेच इंजिन ठोकते, असा आरोप प्रतिस्पर्ध्यांनी केला, म्हणून तो ठोक्याच्या मागे लागला. तेव्हा तो जनरल मोटर्सच्या संशोधनाचा प्रमुख होता. 1921 साली त्याच्या हाताखालील थॉमस मिडग्लेला पेट्रोलात शिशाचे संयुग मिसळण्याचा उपाय सापडला. अल्कोहोलनेही ठोका थांबत होता. पण त्याचे पेटंट मिळण्यासारखे नव्हते, शिशाचे मिळाले. ताळेबंदात हा निर्णय चोख बसतो. 1924 साली न्यू जर्सीतील कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, तरी विक्री कायमची थांबली नाही. शिसे विष आहे हे रोमन काळापासून ठाऊक होते. केटरिंगला ठाऊक नव्हते असे मला मानता येत नाही.

1945 साली त्याच्या व आल्फ्रेड स्लोनच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये कर्करोग संशोधन संस्था उभी राहिली. 25 नोव्हेंबर 1958 रोजी तो वारला. आपल्या देशात शिसेमिश्रित पेट्रोल 2000 साली बंद झाले, आणि अल्जीरियातील शेवटच्या पंपावर 2021 साली.